विद्यापीठ आणि आपली मुले

शिर्डी, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर आणि संगमनेर या परिसरातून दरवर्षी आपल्या समाजाची अनेक मुले-मुली बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात प्रवेश घेतात. त्यांच्या गुणपत्रिकेवर आणि पुढे पदवी प्रमाणपत्रावर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे छापलेले असते. परंतु हे विद्यापीठ नेमके कसे चालते, तेथे संशोधन म्हणजे काय करतात आणि आपल्या मुलांना त्याचा किती लाभ घेता येतो, याची माहिती पुष्कळ घरांत नसते. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे आणि शिक्का मारणारे कार्यालय, अशीच समजूत रूढ आहे. ही समजूत दूर व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

स्थापना आणि विस्तार

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. गणेशखिंड येथील सुमारे ४११ एकरांचा परिसर विद्यापीठाला मिळाला. जेथे पूर्वी इंग्रज गव्हर्नर पावसाळ्यात मुक्काम करीत, तीच इमारत विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. प्रारंभी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र तत्कालीन मुंबई राज्याच्या १२ जिल्ह्यांत पसरलेले होते, तरी महाविद्यालये होती अवघी १८ आणि विद्यार्थी होते ८ हजारांच्या आसपास. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले आणि पुण्याचे कार्यक्षेत्र पुणे, नाशिक व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांपुरते राहिले. क्षेत्र घटले तरी विद्यार्थी घटले नाहीत. खेड्यापाड्यांत महाविद्यालये निघाली, विद्यार्थ्यांची संख्या लाखांत गेली.

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. या नावाचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही मिस फॅरार यांच्याच संस्थेत. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तिच्या पायाचा एक दगड आपल्या नगरचा आहे, हे आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

महाविद्यालय वेगळे, विद्यापीठ विभाग वेगळा

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या भागातील महाविद्यालये विद्यापीठाशी ‘संलग्न’ आहेत. शिकवण्याचे काम महाविद्यालय करते. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे व पदवी देणे ही कामे विद्यापीठाकडे असतात. याखेरीज गणेशखिंडीच्या परिसरात विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आहेत. तेथे मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे शिक्षण होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी यांच्या जोडीला पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, तसेच स्त्री अभ्यास केंद्रही आहे. जयकर ग्रंथालय आहे. त्याच परिसरात प्रा. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये उभारलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे आणि पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद येथे जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ती चालवणाऱ्या संस्थेचे केंद्रही तेथेच आहे.

आपला मुलगा तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झाला, तर त्याला पुढे विद्यापीठ विभागात जाता येते. त्यासाठी विभागाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज साधारणतः पदवीचा शेवटचा निकाल लागण्यापूर्वीच निघतात. निकालानंतर चौकशीला निघालेला विद्यार्थी वर्षभर मागे पडतो. आमच्या पाहण्यात आले आहे की, गुण कमी पडल्यामुळे हुकलेल्या संधींपेक्षा वेळेवर माहिती न मिळाल्यामुळे हुकलेल्या संधी अधिक असतात.

बाबासाहेबांचा विद्यापीठविषयक विचार

विद्यापीठ कसे असावे, याचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी केला होता. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी आपले म्हणणे लेखी मांडले. केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटणारी संस्था हे विद्यापीठाचे खरे रूप नव्हे. अध्यापन आणि संशोधन ही दोन्ही कामे तेथे एकत्र चालली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली, तेव्हा मागासलेल्या वर्गांना विद्यापीठाच्या कारभारात स्थान असले पाहिजे, हा मुद्दाही त्यांनी मांडला.

हा दुसरा मुद्दा आजही तितकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे विद्यापीठाची अधिसभा असते. तीत नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. या १० जागांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. पण मत देण्यासाठी पदवीधराने आधी आपले नाव नोंदवावे लागते. आपल्या वस्तीत पदवीधर कमी नाहीत. त्यांतील किती जणांनी नाव नोंदवले आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. वसतिगृह, शुल्क, परीक्षेचा निकाल हे विषय ज्या सभेत चर्चिले जातात, तेथे आपला आवाज पोहोचवण्याचा हा मार्ग आहे.

संशोधन म्हणजे काय?

संशोधन हा शब्द ऐकला की मोठी यंत्रे आणि परदेशातील शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः संशोधनाचा आरंभ एका साध्या प्रश्नापासून होतो. परीक्षेत प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तर पुस्तकात असते. संशोधनात प्रश्न आपला असतो आणि त्याचे उत्तर अजून कोणत्याही पुस्तकात नसते. ते पुराव्यानिशी शोधायचे असते.

आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ मध्ये तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. रंगीत नक्षीची खापरे आणि तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या. पुढे नेवासे आणि अन्य ठिकाणीही तशीच खापरे मिळाली आणि सुमारे ३ हजार वर्षांपूर्वीच्या या शेतकरी संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडले. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल कष्टकऱ्याला झाडाचे खोड खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशी काशाची चार शिल्पे सापडली. ती आज जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. ज्या मातीवरून आपण रोज चालतो, तिच्यात असे प्रश्न दडलेले असतात.

दुसरे उदाहरण सहकाराचे. १९५० च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा त्यांच्या मागे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे होते. हेच गाडगीळ पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शेतकऱ्याची जिद्द आणि अभ्यासकाचे ज्ञान एकत्र आले म्हणजे काय घडते, ते आपण या तालुक्यात राहून पाहतो आहोत.

तिसरे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. याच विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातील डॉ. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. शांताबाई दाणी, बेबीताई कांबळे यांच्यासारख्या स्त्रियांनी जे भोगले आणि लिहिले, ते ज्ञान म्हणून विद्यापीठात अभ्यासले जाऊ लागले. आपल्या आई-आजीच्या आठवणी हाही संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे.

पीएच.डी.साठी नेट किंवा विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुलाखत होते, मार्गदर्शक मिळावा लागतो, सुरुवातीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मग प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा. २०२२ च्या नियमांप्रमाणे याला किमान ३ वर्षे लागतात. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला तर खचून जाऊ नये. बाबासाहेबांचा लंडनमधील रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधही एकदा परत आला होता. त्यांनी तो पुन्हा तयार करून १९२३ मध्ये सादर केला आणि डी.एस्सी. ही पदवी मिळवली.

विद्यार्थिजीवनाची दुसरी बाजू

पुण्यात गेलेल्या मुलाचे पहिले दुखणे म्हणजे राहण्याची सोय. विद्यापीठाची वसतिगृहे विद्यार्थ्यांच्या मानाने अपुरी आहेत. खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवासखर्च यांत घरून आलेले पैसे संपून जातात. शिर्डीसारख्या गावात आई लॉजवर साफसफाई करते, वडील रिक्षा चालवतात किंवा हार-फुलांच्या दुकानात राबतात. गर्दीच्या दिवसांत मिळकत होते, एरवी हात आखडतो. अशा घराला महिन्याचा ठराविक खर्च पाठवणे किती अवघड असते, ते आम्हांस सांगावयास नको.

त्यासाठी पुढील गोष्टी माहीत असाव्यात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी मिळते. तिचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावे लागतात. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात ज्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून आलेल्या या योजनेत काम करणे कमीपणाचे नाही. संशोधनासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या ‘बार्टी’ संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. ही रक्कम वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनेही करावी लागली आहेत, हेही खरे आहे. म्हणून हक्काची माहिती आणि संघटन ही दोन्ही लागतात.

कागदपत्रांबाबत आम्ही विशेष आग्रह धरतो. १९९० मध्ये घटनेच्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. तरीही जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांत नावाचा एखादा काना-मात्रा चुकला की अर्ज अडतो. हे दाखले अकरावी-बारावीतच काढून ठेवावेत.

नव्या धोरणातील एक धोका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रम आता ४ वर्षांपर्यंत करता येतो. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी, अशी रचना आहे. मधेच शिक्षण सोडले तरी मिळवलेले श्रेयांक शिल्लक राहतात आणि पुन्हा प्रवेश घेता येतो. ही सोय चांगली आहे. परंतु ज्याच्या घरी पैशाची चणचण आहे, त्याच मुलाला ‘एक वर्ष झाले, प्रमाणपत्र मिळाले, आता कामाला लाग’ असे सांगितले जाण्याचा धोका आहे. सुस्थितीतील घरचा मुलगा चौथ्या वर्षापर्यंत जाईल आणि आपली मुलगी पहिल्याच वर्षी दाराबाहेर पडेल, तर एकाच विद्यापीठात दोन पायऱ्या तयार होतील. दार उघडे असले म्हणून बाहेर पडलेच पाहिजे असे नाही. पालकांनी निदान तीन वर्षे तरी मुलांच्या, त्यातही मुलींच्या पाठीशी उभे राहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

स्पर्धा परीक्षांबाबतही एक शब्द. अनेक विद्यार्थी केवळ वसतिगृह मिळावे म्हणून एम.ए.ला नाव घालतात आणि सारा वेळ एमपीएससीत घालवतात. अधिकारी होण्याची इच्छा योग्यच आहे. मात्र जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, हे ध्यानात घेऊन हाती असलेली पदवी मन लावून पूर्ण करावी. सेट-नेटचा मार्गही खुला ठेवावा. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा हेच विद्यापीठ घेते.

आपण काय करू शकतो?

पुण्यात शिकत असलेल्या किंवा शिकून आलेल्या प्रत्येकाने गावातील दोन विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या तारखा आणि अर्जाची रीत समजावून सांगावी. विहारात महिन्यातून एक सायंकाळ त्यासाठी राखून ठेवावी. दाखले काढण्यासाठी उन्हाळ्यात शिबिर भरवावे. पदवीधरांची नोंदणी करून घ्यावी. दहावी-बारावीच्या मुलांची एक सहल शनिशिंगणापूर किंवा महाबळेश्वरला नेण्याऐवजी गणेशखिंडीला न्यावी, त्यांना जयकर ग्रंथालय आणि आयुका दाखवावी. एकदा तो परिसर पाहिलेल्या मुलाला विद्यापीठाची भीती वाटत नाही.

डॉ. नरेंद्र जाधव हे आपल्या समाजाचे सुपुत्र २००६ ते २००९ या काळात याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे या वास्तूतील कोणतीही खुर्ची आपल्यासाठी बंद नाही. मात्र खुर्चीपर्यंतची वाट तालुक्याच्या महाविद्यालयातून, वेळेवर भरलेल्या अर्जातून आणि ग्रंथालयात घालवलेल्या तासांतून जाते. ती वाट दाखवण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करू या.