वाढत्या वयाची मुले आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेस, सीना नदीच्या खोऱ्यात वसलेला परंडा तालुका भुईकोट किल्ल्यासाठी सर्वपरिचित आहे. पावसाची शाश्वती नसलेल्या या भागात रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा, हुलगा व करडई ही जुनी पिके होत. पाणी कमी असले तरी येथील शिवारातील धान्य कसदार आहे. असे असूनही अलीकडे घरोघरी एक तक्रार ऐकू येते. ती म्हणजे, ‘मुलगी काही खातच नाही’ किंवा ‘मुलगा भाजीला हात लावत नाही’.

बारा-तेरा वर्षांपर्यंत ताटात पडेल ते मुकाट्याने खाणारी मुले या वयात एकाएकी चोखंदळ बनतात. भाकरी नको, पालेभाजी नको, वरणातील फोडी बाजूला. मात्र चहा-बिस्किटे आणि पाकिटातील तळलेले पदार्थ यांस नकार नसतो. मग काळजीत पडलेली आई औषधाच्या दुकानी जाऊन ‘ताकदीचे औषध’ मागते आणि दुकानदार एखादी रंगीत बाटली पुढे करतो. बाटली कोणती घ्यावी, हा प्रश्न खरे तर दुसरा आहे. मुलाच्या आहारात नेमके काय कमी पडते, हा पहिला प्रश्न होय.

वाढीचे वय, वाढती गरज

किशोरवयात उंची व वजन झपाट्याने वाढते, स्नायू व हाडे भरतात, रक्ताचे प्रमाण वाढते आणि मुलींची मासिक पाळी सुरू होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दररोज 30 मिलिग्रॅम लोहाची गरज असते. प्रौढ पुरुषाची गरज 19 मिलिग्रॅम आहे. म्हणजे शेतात राबणाऱ्या वडिलांपेक्षा शाळेत जाणाऱ्या मुलीला अधिक लोह लागते. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, तिची गरजही दिवसाला 1000 मिलिग्रॅम एवढी आहे.

2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातील 10 ते 19 वर्षे वयोगटातील सुमारे 37 टक्के मुलामुलींत फोलेटची, 31 टक्क्यांत ब-12 जीवनसत्त्वाची, तर 24 टक्क्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळून आली. तेव्हा ही समस्या एखाद्या घरापुरती किंवा एखाद्या हट्टी मुलापुरती नाही.

आधी उणीव ओळखावी

पालकांनी आठवडाभर मुलाच्या खाण्याची साधी नोंद ठेवावी. पालेभाजी व डाळी वगळल्या जात असतील, तर लोह व फोलेट कमी पडण्याचा संभव असतो. दूध-दही बंद असेल, तर कॅल्शियमची वाण पडते. घर शाकाहारी असून मूल दूधही घेत नसेल, तर ब-12 ची उणीव जवळजवळ निश्चित समजावी. कारण हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते.

शरीरही काही खुणा देते. चेहरा व पापण्यांची आतील बाजू फिकट दिसणे, जिना चढताना धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही रक्तक्षयाची लक्षणे असू शकतात. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ हीदेखील लोहाच्या कमतरतेची खूण असते. तिला खोड समजून मुलीला रागावणे योग्य नव्हे. अशा वेळी सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी. 12 ते 14 वर्षांच्या मुलामुलींत व त्याहून मोठ्या मुलींत हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी, तर 15 वर्षांवरील मुलांत 13 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात.

शाळेत मिळणारी निळी गोळी

किशोरवयीनांसाठी पहिले व सर्वात उपयुक्त पूरक विनामूल्य मिळते, ही गोष्ट अनेक पालकांच्या ध्यानी येत नाही. साप्ताहिक लोहयुक्त गोळी कार्यक्रमात दिली जाणारी निळी गोळी ती हीच. तीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. आठवड्यातून एक गोळी, तीही जेवणानंतर घ्यावयाची असते. प्रारंभी मळमळ होणे किंवा शौचाचा रंग काळा होणे यात घाबरण्यासारखे काही नाही. या कारणांनी मुले गोळी दप्तरात ठेवून देतात किंवा फेकून देतात. घरी याची विचारपूस व्हावयास हवी. जंतांमुळे रक्त कमी होते, म्हणून वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळीही चुकवू नये.

मात्र साप्ताहिक गोळी ही प्रतिबंधासाठी आहे. रक्तक्षय झालेलाच असेल, तर रोजच्या गोळ्यांचा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा लागतो.

कोणते पूरक, कोणासाठी?

ब-12 विषयी महाराष्ट्रातच महत्त्वाचे संशोधन झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ही मुले किशोरवयात आल्यावर 2012 मध्ये त्यांतील काहींना दररोज 2 मायक्रोग्रॅम ब-12 देण्यास सुरुवात झाली. एवढ्या अल्प मात्रेनेही रक्तातील ब-12 चे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. म्हणजे ज्याला खरोखर गरज आहे, त्याला योग्य घटक रोजच्या गरजेइतका मिळाला, तरी तो गुण देतो. तीव्र कमतरतेत मात्र मोठी मात्रा लागते व ती डॉक्टरच ठरवितात.

ड जीवनसत्त्वाची दैनंदिन गरज 600 एकक आहे. बाजारात मिळणाऱ्या 60,000 एककांच्या एका पुडीत शंभर दिवसांचा साठा असतो. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते. शेजाऱ्याने सांगितले म्हणून अशा पुड्या मनाने रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो. अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही यकृतास घातक ठरतो.

बहुजीवनसत्त्वांची गोळी अगदीच तुटपुंजे खाणाऱ्या मुलास काही काळ आधार म्हणून देता येते. परंतु तीत लोह बहुधा थोडे आणि कॅल्शियम नाममात्र असते. प्रथिने व ऊर्जा तर नसतेच. म्हणून ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

बाटलीवरील मजकूर वाचावा

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक घटकाचे प्रमाण व ते दैनंदिन गरजेच्या किती टक्के आहे, याचा उल्लेख असावा. शंभर टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण पुरेसे असते. कित्येक पटींनी अधिक म्हणजे अधिक गुणकारी नव्हे. वयोगट, अंतिम मुदत व अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा किंवा औषध परवान्याचा क्रमांक तपासावा. पातळ औषधातील साखरेचे प्रमाण पाहावे. एकच घटक असलेली दोन औषधे एकत्र देऊ नयेत. लोह व कॅल्शियम एकाच वेळी न घेता दोन वेळांस विभागावे. जनऔषधी केंद्रात हीच औषधे कमी किमतीत मिळतात. किमतीवरून गुण ठरत नाही.

शिवारातील पूरके

शाळेतील मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच असते. नववीत गेलेल्या मुलाचे दुपारचे जेवण नेमके गरज वाढत असताना घराच्या डब्यावर अवलंबून राहते. मात्र धाराशिव हा केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक असल्याने येथील 14 ते 18 वर्षांच्या मुलींना अंगणवाडीमार्फत पूरक आहाराचा लाभ घेता येतो. पात्र मुलींची नावे अंगणवाडी सेविकेकडे नोंदविली गेली आहेत ना, हे पालकांनी पाहावे.

भाजी नको म्हणणाऱ्या मुलास तीच भाजी रूप बदलून देता येते. मेथी किंवा शेपू ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठ करावे. हुलग्याचे शेंगोळे, तिळाची व कारळ्याची चटणी, शेंगदाणा-गुळाचा लाडू मुलांना आवडतो. जेवणात लिंबाची फोड किंवा पेरू असल्यास लोह चांगले शोषले जाते. उलट जेवणासोबतचा चहा त्यास अडथळा करतो. या भागात दुधाचा धंदा अनेक कुटुंबांचा आधार आहे. पण सारे दूध संकलन केंद्रावर व खव्याच्या भट्टीवर जाऊन वाढत्या मुलीच्या वाट्यास केवळ चहापुरते उरू नये. दररोज पेलाभर दूध किंवा वाटीभर दही घरात राखून ठेवावे. जेथे चालते तेथे अंडे द्यावे. मांसाहारी घरांत उस्मानाबादी शेळीचे मटण शिजते, तेव्हा मुलीलाही बरोबरीचा वाटा मिळावा.

जेवणाच्या वेळी जबरदस्ती व टोमणे टाळावेत. मुलाला बाजारहाटात व स्वयंपाकात सहभागी करून घ्यावे. वजन घटत असेल, पाळी बंद झाली असेल किंवा लठ्ठ होण्याच्या भीतीने मूल उपाशी राहत असेल, तर तो चोखंदळपणा न समजता विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

पूरक गोळी ही कुबडीसारखी आहे. गरज असेल तेव्हा, हवी तेवढी आणि हवी तेवढेच दिवस वापरावी. मुलाला स्वतःच्या पायावर उभे करण्याचे काम अखेर घरच्या ताटानेच होते.