पोस्टमालिकेतून वैद्यकाचे अध्यापन

२०१७ साली ट्विटरने (२०२३ पासून 'एक्स') पोस्टची अक्षरमर्यादा १४० वरून २८० केली. त्यानंतर अमेरिकेतील काही चिकित्सकांनी एकमेकींस जोडलेल्या पोस्टमधून वैद्यक शिकविण्याची 'ट्वीटोरियल' पद्धती रूढ केली. बोस्टनचे डॉ. अँथनी ब्रू यांच्या मालिकांचा आरंभ बहुधा 'का?' या प्रश्नाने होतो. वाचकांस पर्याय देऊन अंदाज विचारला जातो, मग कारणमीमांसा टप्प्याटप्प्याने उलगडते. अग्निवेशाने विचारावे, आत्रेयांनी सांगावे, ही चरकसंहितेची रीत जाणणाऱ्या वैद्यांस हे परके वाटू नये.

धोका निराळाच आहे. मालिकेतील कोणतीही पोस्ट सुटी उचलून पुढे पाठविता येते. 'ज्वरात घृतपान हितकर' एवढेच वाक्य फिरू लागले, तर नवज्वराचा रुग्णही तूप पिईल! चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात नवज्वरात प्रथम लंघन सांगितले आहे. घृत सांगितले ते दहा दिवसांनंतर, कफ मंद झाल्यावर. हा अवस्थाभेद पुढील पोस्टवर ढकलणे युक्त नव्हे. 'जीर्णज्वरात' हा शब्द त्याच वाक्यात हवा, आणि स्थान-अध्यायाचा निर्देशही तेथेच. त्यापायी मालिका दोन पोस्टनी लांबली तरी चालेल.