एकच खूण, दोन दुकाने

सांगली-साताऱ्याच्या बाजारपेठांत औषधांचे दुकान आणि कृषी सेवा केंद्र अनेकदा एकाच रस्त्यावर आढळतात. एका दुकानात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी ‘झॅरेल्टो’, तर दुसऱ्यात तासगावच्या द्राक्षबागेत फवारले जाणारे ‘अँट्राकॉल’. दोन्हींमागे नाव एकच आहे : उभ्या-आडव्या अक्षरांच्या गोल खुणेची जर्मन कंपनी ‘बायर’.

१८६३ मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे फ्रीडरिश बायर आणि योहान वेस्कोट यांनी कृत्रिम रंगांचा कारखाना काढला. त्याच रसायनशास्त्रातून पुढे औषधे जन्मली. १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार केले. १८९९ मध्ये त्याचे ‘अ‍ॅस्पिरिन’ हे नाव नोंदवले गेले. कंपनीतील गेऱ्हार्ड डोमाक यांना ‘प्रोन्टोसिल’ या सल्फा औषधासाठी १९३९ चे नोबेल जाहीर झाले. या इतिहासाला काळी बाजूही आहे. १९२५ पासून बायर ज्या ‘आय. जी. फार्बेन’ उद्योगसमूहात सामील होती, त्याने नाझी राजवटीत छळछावणीतील कैद्यांना वेठीस धरून राबवले. युद्धानंतर हा समूह मोडण्यात आला आणि १९५१ मध्ये बायर पुन्हा स्वतंत्र झाली.

ग्राहकाने या इतिहासातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. व्यापारी नाव कंपनीचे असते, गुण मात्र घटकाचा असतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिका व ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅस्पिरिन’ या नावावरील बायरचा हक्क संपला. औषध तेच राहिले. बायरच्या ‘नेक्साव्हार’ या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये भारताने पहिला सक्तीचा परवाना दिला आणि ‘नॅटको’ने तोच सोराफेनिब घटक सुमारे ८,८०० रुपयांत उपलब्ध केला.

घटकाचे नाव जिवाशीही निगडित असते. डेंग्यूचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ते कोणत्या नावाने विकले जाते, याने फरक पडत नाही.

बागेतही हाच नियम लागू पडतो. उडद्या भुंगेऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कॉन्फिडॉर’मध्ये इमिडाक्लोप्रिड असते, केवड्यावरील ‘अँट्राकॉल’मध्ये प्रोपिनेब. युरोपातील प्रयोगशाळा डब्यावरचे नाव पाहत नाही, द्राक्षातील घटकाचा अंश मोजते. २०१० मध्ये ‘सीसीसी’ म्हणून परिचित असलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर आढळल्याने भारतीय द्राक्षांना तेथे नकार मिळाला आणि वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडले. निरनिराळ्या नावांचे दोन डबे आणून एकाच घटकाची दुबार फवारणी झाली, तर खर्च वाढतो आणि अंशही.

म्हणून गोळ्यांची पट्टी असो वा फवारणीचा डबा, ठळक नावाखालील बारीक ओळ आधी वाचावी. घटक, त्याचे प्रमाण आणि मुदत तेथेच असते. डब्यावर तर शेवटची फवारणी व काढणी यांत राखावयाचे अंतरही दिलेले असते.