१९३६ ची ‘नकलहेड’: आधी इंजिनाचा नंबर बघा

हार्ली-डेव्हिडसनची १९३६ ची ईएल, म्हणजे पहिल्या वर्षाची ‘नकलहेड’, विकायला आली की नजर रंगावर आणि क्रोमवर खिळते. मी म्हणेन, आधी वाकून इंजिन बघा! १९७० पूर्वीच्या हार्लीच्या फ्रेमवर नोंदणीचा नंबर नसायचा. तो इंजिनाच्या डाव्या केसवर ठोकलेला असे. शिवाय क्रँककेसच्या दोन्ही भागांच्या तळाशी जुळणारे नंबर असतात. ते जुळले नाहीत, तर अर्धं इंजिन बहुधा दुसऱ्याच गाडीचं.

एवढा जीव का टाकायचा? हार्लीच्या रस्त्यावरच्या मोठ्या व्ही-ट्विनला ओव्हरहेड व्हॉल्व्ह पहिल्यांदा इथे मिळाले. ६१ घनइंच, म्हणजे साधारण १,००० सीसी, आणि ४० अश्वशक्ती. १९३७ मध्ये शर्यतपटू जो पेट्रालीने खास तयार केलेली नकलहेड अमेरिकेतल्या डेटोनाच्या वाळूवर ताशी १३६ मैलांनी पळवली!

व्हॉल्व्हची यंत्रणा पूर्ण झाकली गेली ती १९३८ मध्ये. त्याआधी तेल गळायचं. त्यामुळे १९३६ च्या इंजिनावर नंतरची झाकणं दिसली, तर चालवायला ते सोयीचं, मान्य. पण संग्रहासाठी मी मूळ भागांच्याच बाजूचा. टाकीजवळचा हाताचा गिअर आणि डाव्या पायाचा क्लचही मुळीच बदलू नये.