सेनापतीचा नकार

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशभरातील अग्निशमन केंद्रांत हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. पुष्पचक्रे वाहिली जातात, मंत्रिमहोदय जवानांच्या शौर्याची वाखाणणी करतात, शाळांतून प्रात्यक्षिके होतात आणि आठवडा सरला की बंबांप्रमाणेच हा विषयही पुन्हा शेडमध्ये जाऊन उभा राहतो. या दिवसाचा उगम मुंबईच्या गोदीत आहे. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान एका दुपारी कामी आले. त्यांच्या स्मृतीपुढे आम्हीही नतमस्तक आहोत. परंतु मानवंदनेच्या या सोहळ्यात एक प्रश्न कधी विचारला जात नाही. जवान आगीत शिरला, पण त्याला शिरायला कोणी सांगितले, आणि माघारी फिर असे सांगण्याचा अधिकार कोणाचा होता? शौर्य जवानाचे असते, निर्णय मात्र सेनापतीचा असतो. त्या सेनापतीविषयी आज थोडे लिहावे असे आम्हांस वाटते.

‘फोर्ट स्टिकीन’च्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गासड्या. या दोहोंना शेजारी ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुपारी धूर दिसला. अग्निशमन दल आले आणि जहाजात पाण्याचा मारा सुरू झाला. पण जहाज जागीच बुडवावे, बाहेर समुद्रात ओढून न्यावे, की तेथेच आग विझवीत राहावे, याचा एकमुखी निर्णय झालाच नाही. कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, दारूगोळ्याचे लष्करी जाणकार होते आणि अग्निशमन दलाचे प्रमुखही होते. प्रत्येकाजवळ अधिकाराचा एकेक तुकडा होता, संपूर्ण अधिकार कोणाजवळच नव्हता. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला. जवान मात्र जवळजवळ अखेरपर्यंत आगीशी झुंजत होते. त्या दिवशी मुंबईला शौर्याची वाण पडली नव्हती, वाण पडली होती ती एका ठाम नकाराची.

मुंबई अग्निशमन दलाच्या बोधवाक्यात तीन शब्द आहेत: शौर्य, आत्मसंयमन आणि त्याग. पहिला आणि तिसरा शब्द आपल्या भाषणांतून सतत कानी पडतो. मधला कोणी उच्चारीत नाही. आमच्या मते त्या वाक्याचा प्राण मधल्या शब्दातच आहे. संयमावाचून शौर्य आंधळे होते आणि संयमावाचून त्याग व्यर्थ ठरतो. हा संयम सामान्य जवानाकडून अपेक्षिता येत नाही, त्याचे रक्त तापलेलेच असावयाचे. तो दलाच्या ज्येष्ठांनी आपल्या अंगी बाणवायचा असतो.

९ मे २०१५ ची काळबादेवीची घटना या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. ‘गोकुळ निवास’ ही दाट वस्तीतील जुनी इमारत पेटली. आग विझवीत असताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात मृत्युमुखी पडले. भाजलेले उपप्रमुख सुधीर अमीन १४ मे रोजी गेले आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर २४ मे रोजी गेले. अवघ्या पंधरा दिवसांत मुंबईसारख्या महानगराच्या अग्निशमन दलाने आपला मुख्य अधिकारी आणि त्याचा उपप्रमुख दोघेही गमावले. या चौघांच्या कर्तव्यनिष्ठेविषयी शंका घेणारा कृतघ्न ठरेल. आपल्या माणसांना पुढे धाडून स्वतः मागे राहावे हे त्यांच्या रक्तात नव्हते. पण म्हणूनच प्रश्न अधिक टोचतो. ज्या परंपरेने त्यांना हे रक्त दिले, त्या परंपरेनेच एका छताखाली दलाचे शिर आणि खांदे एकदम उभे केले नव्हते काय?

ही परंपरा जुनी आहे आणि ती केवळ आपली नाही. लंडनच्या अग्निदलाला शिस्त लावणारे जेम्स ब्रेडवुड हे आधी एडिंबरोच्या दलाचे प्रमुख होते. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या गोदामांना लागलेल्या आगीत ते स्वतः हजर होते आणि भिंत अंगावर कोसळून तेथेच गतप्राण झाले. लंडनने त्यांना अपूर्व निरोप दिला. तेव्हापासून जगभर हा संकेत रूढ झाला, की अग्निदलाचा प्रमुख ज्वालांच्या जवळ दिसला पाहिजे. आपल्याकडे तर या संकेताला इतिहासाचे पाठबळ मिळाले. आधी लगीन कोंढाण्याचे म्हणणारा तान्हाजी आम्हां मराठी मंडळींच्या मनात घर करून बसला आहे. पण ज्या राजासाठी तान्हाजी पडला, त्या राजाने १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले शत्रूच्या हवाली केले होते, याचे स्मरण आम्ही सोयीस्करपणे टाळतो. ते किल्ले देताना महाराजांचे शौर्य आटले नव्हते. फौज वाचली तर किल्ले परत घेता येतात, हा हिशेब त्यांना ठाऊक होता. आणि चक्रव्यूहात शिरण्याची विद्या असलेला, बाहेर पडण्याची नसलेला अभिमन्यू आम्हांला वंदनीय असला, तरी त्याच्यासारखे वीर रोज व्यूहात लोटणे हे कोणत्याही सेनापतीचे भूषण नव्हे.

हिशेब आगीतही असतो. जुन्या इमारतीत लाकडी तुळया, लाकडी जिने आणि भार तोलणाऱ्या जाड भिंती असतात. तुळई जळत जाते तशी तिची ताकद सरते आणि भिंतींचा परस्परांना असलेला आधार सुटतो. त्यात आपण वरून पाणी ओततो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, आणि बंबातून असे हजारो लिटर पाणी त्या खिळखिळ्या मजल्यांवर पडत असते. जे वाहून जात नाही ते गोण्यांत, कापडांच्या ताग्यांत मुरते आणि मजल्यावर भार होऊन बसते. म्हणजे आग विझविण्याचा उपायच इमारतीच्या मुळावर येऊ शकतो. आत धुरात उभ्या असलेल्या माणसाला यांपैकी काही दिसत नाही. भिंतीला आलेला फुगवटा, रुंदावत चाललेली चीर हे बाहेर, चार पावले दूर उभ्या असलेल्या जाणत्या डोळ्यांनाच दिसते. तो जाणता डोळा म्हणजे दलाचा ज्येष्ठ अधिकारी. तो आत गेला की बाहेरचा डोळा मिटला.

अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने याची किंमत सर्वांत अधिक मोजली. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांत त्या दलाचे ३४३ लोक गेले. त्यांत दलाचे सेवाप्रमुख पीटर गॅन्सी होते, प्रथम उपायुक्त विल्यम फीहन होते, विशेष कामगिरी पथकाचे प्रमुख रे डाऊनी होते. दक्षिणेचा मनोरा कोसळल्यावर गॅन्सी यांनी आपले नियंत्रण केंद्र उत्तरेकडे हलविण्यास सांगितले, पण स्वतः मात्र मनोऱ्यांच्या दिशेने परतले. उत्तरेच्या मनोऱ्यातून बाहेर पडा असा हुकूम सुटला होता, परंतु बिनतारी यंत्रणेच्या त्रुटींमुळे तो अनेकांच्या कानांपर्यंत पोहोचलाच नाही. नकार दिला गेला, तो ऐकू गेला नाही. सेनापतीचा शब्द शेवटच्या शिपायापर्यंत नेणारी यंत्रणा हादेखील नेतृत्वाचाच भाग असतो, हे त्या दिवसाने शिकविले.

पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. गॅन्सी यांचे सहकारी डॅनियल निग्रो हे परिसराची पाहणी करायला गेल्यामुळे बचावले आणि त्या प्रलयात दलाची धुरा त्यांच्याकडे आली. शेजारची ४७ मजली सातवी इमारत तेव्हा पेटली होती. शेकडो सहकारी ढिगाऱ्यांखाली असताना, त्यांचा शोध घेणारे हात अनावर झालेले असताना, निग्रो यांनी त्या इमारतीभोवतीचा परिसर रिकामा करण्याचा हुकूम दिला. शोधात गुंतलेल्यांना मागे खेचणे किती कठीण गेले असेल, याची कल्पनाच करावी. सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी ती इमारत कोसळली. तिच्याखाली एकही माणूस सापडला नाही. त्या हुकुमाला पुष्पचक्र वाहिले जात नाही, कारण वाचलेल्या माणसांची स्मारके नसतात.

कोणी म्हणेल, बाहेर उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याला जवान मान कसा देतील? शंका रास्त आहे. ज्याने उमेदीत स्वतः धूर प्यायला नाही, त्याचा हुकूम जवानाने का मानावा? म्हणूनच ज्येष्ठपद खालून वर चढलेल्या माणसालाच मिळावे. परंतु शिडीवर वीस वर्षे काढलेल्या माणसाने शिडी खालून धरण्याची पाळी आली, की ती निष्ठेने धरावी. आत किती माणसे गेली, कोणत्या मजल्यावर गेली, बाहेर किती आली, याची नोंद ठेवावी. वाचविता येण्याजोगा जीव आत असेल तर मोठी जोखीम घ्यावी, केवळ मालमत्ता असेल तर थोडी घ्यावी आणि दोन्ही हातचे गेले असेल तर कोणतीच घेऊ नये. हा नियम क्रूर नाही. जवानाच्या मुलाबाळांकडे पाहून केलेला तो नियम आहे.

नकाराची दुसरी जागा ज्वालांपासून दूर, कचेरीच्या मेजावर आहे. तेथे धूर नसतो, पण दडपण अधिक असते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. महानगरांतील दलाचा प्रमुख पालिका आयुक्तांच्या हाताखाली काम करतो. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला. त्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावयाचा असतो. कायदा कागदावर उत्तम आहे. पण २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहे पेटली आणि १४ जीव गेले, तेव्हा कागद आणि गच्ची यांतील अंतर उघडे पडले. आग लागल्यावर जो अधिकारी धावत येतो, त्यानेच आधी ‘हे चालणार नाही’ असे ठणकावून लिहिले असते आणि ते लिहिणे कोणाला खोडता आले नसते, तर?

आपल्या गोव्यात शहरागणिक वेगळे दल नाही. सांतिनेजच्या मुख्यालयातून राज्याचे अग्निशमन संचालनालय सर्व केंद्रे चालविते, आणि त्यासाठीचा मूळ कायदा १९८६ चा आहे. मुंबईचे दुःख मुंबईचे, आपले काय, असे म्हणण्याची सोय मात्र आता उरलेली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबला मध्यरात्री आग लागून २५ जण गेले. त्यांत बहुतेक तेथे राबणारी, परप्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे होती. वाट चिंचोळी असल्याने बंबांना दूरच थांबावे लागले. ते बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने काढली होती आणि तिला वरून स्थगिती मिळाली होती, असेही तेव्हा प्रसिद्ध झाले. म्हणजे कोठेतरी, कोणीतरी ‘नाही’ म्हटले होते. त्या ‘नाही’ला वजन नव्हते, इतकेच.

आमच्या मागण्या म्हणूनच साध्या आहेत. अग्निशमन दलाचे प्रमुखपद प्रभारी माणसावर लोंबकळत ठेवू नये आणि त्या पदाला निश्चित मुदत असावी. त्याने ना हरकत दाखला नाकारला तर तो निर्णय फिरविणाऱ्याने आपली कारणे लेखी द्यावीत आणि त्याखाली नावानिशी सही करावी. ज्या आस्थापनांना दाखला नाकारला गेला, त्यांची यादी लोकांना पाहता यावी, म्हणजे कोणत्या दारातून आत शिरायचे हे ग्राहक स्वतः ठरवील. मोठ्या आगीत प्रमुख आणि उपप्रमुख यांनी एकाच वेळी धोक्याच्या कक्षेत जाऊ नये, हा नियम लेखी करावा आणि मोडणाऱ्याला शाबासकी नव्हे, समज द्यावी. नवे बंब, उंच शिड्या हव्यातच. पण शिडी विकत मिळते, ती चढू नका असे सांगण्याचे बळ विकत मिळत नाही. ते शासनाने आणि समाजाने मिळून द्यावे लागते.

समाजाचा वाटा आम्ही मुद्दाम म्हणतो. आपल्याच दुकानाच्या जिन्यात माल ठेवू नका असे सांगणारा अधिकारी आपल्याला आडमुठा वाटतो. गल्लीत लावलेली मोटार हलविण्यास सांगणारा आपल्याला सत्तेचा माज चढलेला वाटतो. तोच अधिकारी आगीत पडला की त्याच्या अंत्ययात्रेला आपण गर्दी करतो. हयातीत त्याच्या नकाराला मान दिला असता, तर कदाचित ती यात्रा निघालीच नसती. येत्या १४ एप्रिलला हुतात्म्यांपुढे फुले ठेवताना मुंबईच्या बोधवाक्यातील तो मधला शब्दही मोठ्याने उच्चारला जावा. त्या दिवशी आपल्या अग्निशमन संचालकांनी जाहीर सभेत एवढेच सांगावे, की गेल्या वर्षभरात आपण किती ठिकाणी ‘नाही’ म्हटले आणि त्यांपैकी किती ‘नाही’ टिकले. फुलांपेक्षा तो आकडा हुतात्म्यांना अधिक शोभेल.