ग्रहणाचा डाग नव्हे

बाळाच्या कपाळावर गडद लाल डाग दिसला की आपल्याकडे अजूनही आईलाच विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’ हा प्रश्न आता थांबायला हवा. कारण या डागाचं मूळ 2013 मध्येच सापडलं आहे.

कपाळावर आणि वरच्या पापणीवर असा जन्मजात डाग, आणि त्यासोबत मेंदूच्या आवरणात रक्तवाहिन्यांचं अस्वाभाविक जाळं, या जोडीला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. 1879 मध्ये विल्यम ॲलन स्टर्ज या ब्रिटिश डॉक्टरनं डाग असलेली एक मुलगी तपासली. तिला शरीराच्या एकाच बाजूला झटके येत. चेहऱ्यावरचा डाग मेंदूवरही असणार, असं त्यानं ठामपणे मांडलं. एक्स-रेचा शोधही लागलेला नसताना केलेला हा तर्क खरा ठरला! पुढे बाल्टिमोरच्या संशोधकांना रुग्णांच्या डागाळलेल्या त्वचेत आणि मेंदूच्या ऊतीत जीएनएक्यू जनुकातला एकच बदल आढळला. तो आईवडिलांकडून आलेला नसतो. गर्भ वाढताना एखाद्या पेशीत तो घडतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशींपुरताच राहतो. शरीरात अशा दोन प्रकारच्या पेशी एकत्र नांदणं म्हणजे मोझॅइसिझम.

कधी मोझॅइसिझम रेषांमधून दिसतो. मागावर एकच वेगळा धागा लागला की साडीभर त्याची रेघ धावते, तसे अंगावर फिकट पट्टे आणि भोवरे उमटतात. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी 1901 मध्ये या रेषांचा नकाशा काढला: पाठीवर इंग्रजी व्ही, पोटावर एस. त्या ना नसांच्या वाटेनं जातात, ना रक्तवाहिन्यांच्या. त्या गर्भातल्या पेशींच्या प्रवासाच्या खुणा आहेत. त्वचेचा बाह्य थर आणि मेंदू गर्भाच्या एकाच पेशीथरातून घडतात. म्हणून असे पट्टे असलेल्या काही मुलांमध्ये फिट्स, बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझमही आढळतो.

बहुतेक जन्मखुणा निरुपद्रवी असतात. आपल्या बाळांच्या कमरेखाली दिसणारा निळसर डाग तर सहसा आपोआप विरतो. पण कपाळावरच्या लाल डागाकडे दुर्लक्ष नको: स्टर्ज-वेबर असेल तर फिट्स बहुधा पहिल्या वर्षातच सुरू होतात आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. पट्ट्यांसोबत मान धरणं, बसणं, बोलणं मागे पडत असेल, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. रक्ताची जनुकीय चाचणी नॉर्मल आली म्हणून शोध थांबवू नये; बदल रक्तात नसून केवळ डागाच्या त्वचेत असू शकतो, त्यामुळे तिथलाच नमुना तपासावा लागतो.