आत्याकडूनही येतो वारसा

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: घरात आणखी कुणाला होता का? बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव असो की मेहकर, उत्तर बहुतेक वेळा आईपाशी सुरू होतं आणि मावशीपाशी संपतं. बाईचा आजार बाईकडून बाईकडे येतो, अशी आपली पक्की समजूत. त्यामुळे आत्या राहून जाते, वडिलांची आई राहून जाते, आणि चुलत आजोबांच्या छातीतली गाठ तर कुणाला आठवतही नाही. विज्ञान मात्र तीस वर्षांपासून सांगतंय की या आजाराची जी जनुकं आपल्याला ठाऊक आहेत, ती मुलीला आईकडून जितकी येऊ शकतात तितकीच बापाकडूनही येतात.

मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी संशोधिकेने १९९० साली दाखवून दिलं की काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. तोवर अनेक शास्त्रज्ञांना ही कल्पनाच मान्य नव्हती. १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं, त्याला बीआरसीए-१ म्हणतात. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ सापडलं. ही जनुकं मुळात आपली राखण करणारी आहेत. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट सांधणं हे त्यांचं काम. प्रत्येकाकडे त्यांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर सगळा भार दुसरीवर पडतो, आणि आयुष्यात कधीतरी स्तनातल्या किंवा अंडाशयातल्या एखाद्या पेशीत तीही बिघडली की गाठीला वाट मिळते. अशा स्त्रीला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. बिघडलेली प्रत तिच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, मिळण्याची शक्यता निम्मी. मुलाला ती मिळाली तर बहुधा त्याला स्तनाचा कर्करोग होत नाही, पण तो ती आपल्या लेकीला देऊ शकतो. वारसा असा एक पिढी लपून पुढे जातो.

एक गोष्ट लगेच सांगायला हवी, नाहीतर घराघरांत नसती भीती पसरेल. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी असे थेट वारशाने आलेले पाच ते दहाच. बाकीच्यांमागे वय, संप्रेरकं, वजन, बाळंतपणं आणि निव्वळ योगायोग यांची गुंतागुंत असते.

आता प्रश्न समाजांचा. जगातल्या काही समाजांत हे बिघाड जास्त आढळतात, आणि त्याचं कारण त्या समाजाच्या इतिहासात असतं. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये चाळिसात एका व्यक्तीकडे बीआरसीएच्या तीन ठरावीक बिघाडांपैकी एक असतो. कधीकाळी हा समाज मोजक्या कुटुंबांपर्यंत आकसला होता. त्यांतल्या काहींकडे जे होतं तेच पुढे हजारोंकडे गेलं. आइसलँडमध्ये बीआरसीए-२ मधला एकच बिघाड बीआरसीएची जवळजवळ सगळी कौटुंबिक प्रकरणं व्यापतो. याच्या उलट उदाहरणही आहे. लॅटिन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वंशजांमध्ये सहाव्या गुणसूत्रावर एक असा फरक सापडला, जो स्तनाच्या कर्करोगाचा धोका लक्षणीयरीत्या कमी करतो. म्हणजे पूर्वजांकडून केवळ धोकाच येतो असं नाही, संरक्षणही येतं.

अश्केनाझींमध्ये सापडणारा एक बिघाड, १८५डेलएजी या नावाचा, कोचीनच्या ज्यूंमध्येही आढळला आणि मलेशियातल्या, इंग्लंडमधल्या ज्यू नसलेल्या कुटुंबांतही. वाटलं असतं की सगळे एकाच मूळ पूर्वजाचे. पण भोवतालच्या डीएनएची तुलना केली तेव्हा दिसलं की मलेशियात आणि इंग्लंडमध्ये तो स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी जन्मला होता. जनुकातल्या एकाच जागी तीच चूक निसर्गाने पुन्हा पुन्हा केली. म्हणून एखाद्या समाजात एखादा बिघाड सापडला की लगेच त्या समाजाचा उगम सांगायला धावू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

महाराष्ट्रात या प्रश्नाची सुरुवात मुंबईच्या पारशांपासून झाली. डॉ. दारब जस्सावाला यांनी नवल टाटांच्या साथीने १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी उभी केली आणि १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. त्या नोंदींतून १९७०च्या दशकात धर्मवार आकडे मांडले गेले, तेव्हा स्तनाच्या कर्करोगात पारशी स्त्रिया इतर समाजांपेक्षा ठळकपणे पुढे दिसल्या. छोटा, आपापसातच लग्नं करणारा समाज. रक्ताचा दोष म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्याच पारशी स्त्रिया शिकलेल्या होत्या, उशिरा लग्न करत होत्या, त्यांना मुलं कमी होती, काहींना नव्हतीच. आणि या साऱ्या गोष्टी कोणत्याही वंशाच्या बाईत स्तनाचा कर्करोग वाढवतात. २००२ मध्ये तीस देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. तिच्यात आढळलं की प्रत्येक बाळंतपणामागे धोका सात टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी चार टक्क्यांहून थोडा अधिक कमी होतो. जपानहून अमेरिकेत गेलेल्या स्त्रियांच्या लेकी-नातींमध्ये हा आजार वाढत गेला. जनुकं तीच होती, जगणं बदललं होतं.

ग्रामीण महाराष्ट्राचा आरसा आहे बार्शी. तिथे १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या कर्करोगांची गावोगाव फिरून नोंद होते. देशातली ग्रामीण भागातली ही पहिली नोंदणी. बार्शीत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच खाली राहिलं. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद (आताचं संभाजीनगर), बार्शी आणि उस्मानाबाद-बीड एवढी केंद्रं आहेत. बुलढाणा त्यांत नाही. २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातल्या बाया उपचारासाठी अकोल्याला जातात, संभाजीनगरला जातात, नागपूर-मुंबई गाठतात. ज्या गावात गाठ सापडली त्या गावाचं चित्र मात्र कुठेच उभं राहत नाही.

आणि हा जिल्हा जनुकांच्या अभ्यासासाठी विलक्षण आहे. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, लोणार. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूर. तिथल्या डोंगरात भिलाला आहेत, कोरकू आहेत. कोरकूंची भाषा मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाळीशी नातं सांगणारी. आणि जामोदच्या परिसरात निहाल आहेत, ज्यांची निहाली जगातल्या कुठल्याही भाषाकुळात बसत नाही. सपाटीवर मराठा, कुणबी, माळी, बौद्ध, मुसलमान, बंजाऱ्यांचे तांडे, खामगावच्या बाजारपेठेतली मारवाडी घराणी. एकाच एसटीच्या मार्गावर इतके वेगवेगळे पूर्वज बसलेले असतात.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या कामातून गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे स्पष्ट झालं की भारतीय लोक जुन्या काळी मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले, आणि मग सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते मिसळणं थांबत गेलं. जातीतच सोयरीक करण्याची चाल घट्ट झाली. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात दक्षिण आशियातले दोनशे त्रेसष्ट समूह तपासले गेले. त्यांतल्या एक्याऐंशी समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद होता. म्हणजे अश्केनाझींमध्ये जे झालं, तसं एखादं ठरावीक बिघाडाचं केंद्र आपल्याकडे कुठल्या तरी जातीत, कुठल्या तरी पाड्यावर असू शकतं. तपासल्याशिवाय ते कळणार नाही.

पण याचा अर्थ जात म्हणजे आजार, असा कुणी लावला तर तो अन्याय ठरेल. सोयरिकीच्या बाजारात आधीच पत्रिका, गोत्र, कोडाचे डाग तपासले जातात; त्यात "त्यांच्या घराण्यात गाठी आहेत" याची भर पडायला नको. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, तिच्यावरही खापर फुटतं. बीआरसीएचा धोका एकाच बिघडलेल्या प्रतीने येतो, त्यासाठी नात्यातलं लग्न लागत नाही. नात्यात दोघांकडेही बीआरसीए-२ चा बिघाड असेल तर मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा गंभीर रक्तदोष होऊ शकतो, ते खरं. पण ती वेगळी गोष्ट.

भारतीय स्त्रियांबद्दल दोन निरीक्षणं वारंवार समोर येतात. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षं लवकर दिसतो. आणि ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ज्यावर संप्रेरकांची गोळी किंवा हर-२ विरोधी औषध चालत नाही अशा गाठींचं प्रमाण इथे तीस टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. युरोप-अमेरिकेत ते दहा ते पंधरा. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्येही असं आढळतं. यात पूर्वजांचा वाटा किती? काही वाटा साध्या गणिताचा आहे. आपली लोकसंख्या तरुण, त्यामुळे रुग्णही तरुण. आणि ट्रिपल निगेटिव्ह गाठी तरुण वयातच जास्त. बीआरसीए-१ च्या गाठी बहुतेक वेळा याच प्रकारच्या असतात हेही खरं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाच्या एक हजार दहा रुग्णांची अनेक जनुकं एकदम तपासली, तेव्हा तीस टक्के जणांत वारशाचा बिघाड निघाला, त्यांतले बहुसंख्य बीआरसीएचेच. हे रुग्ण डॉक्टरांनी शंका आल्यावरच पाठवलेले होते, म्हणून हा आकडा सगळ्या स्त्रियांना लावता येत नाही. पण योग्य बाई निवडली तर तपासणी वाया जात नाही, एवढं त्यातून कळतं.

अडचण तपासणीच्या पुढे आहे. जगातली जनुकांची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची. ३१३ छोट्या फरकांची बेरीज करून धोका सांगणारी जी मोजपट्टी २०१९ मध्ये आली, ती युरोपीय स्त्रियांवर बेतलेली. आशियाई स्त्रियांत ती चालते, पण तितकी नेमकी नाही. आपल्या बाईचा अहवाल आला की त्यात पुष्कळदा लिहिलेलं असतं की फरक सापडला, अर्थ अनिश्चित. अशा अहवालावरून कुणी स्तन वा अंडाशय काढण्याचा निर्णय घेऊ नये, हे तिला समजावून सांगणारा समुपदेशक तालुक्याच्या गावात नसतो. जीनोम इंडिया प्रकल्पाने जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ दहा हजार भारतीयांचे जीनोम संशोधकांना खुले केले, त्यामुळे हे "अनिश्चित" हळूहळू कमी होईल.

तोवर हाताने होणारी तपासणी तर आहेच, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं एक प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी करवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, विजेची गरज नाही. आपल्या देशासाठी याहून मोलाचं संशोधन थोडंच असेल. पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू घटले नाहीत. आणि वारशाने येणारा कर्करोग पुष्कळदा तिशी-चाळिशीतच गाठतो.

त्या वयाच्या बाईला वाचवण्याची वाट कुटुंबाच्या माहितीतूनच जाते. आत्याला पस्तिसाव्या वर्षी गाठ झाली होती हे कळलं तर आधी आत्याची, ती नसेल तर इतर कुणा रुग्णाची जनुक तपासणी करता येते. बिघाड सापडला तर भाचीची. भाचीकडे तो निघाला तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, मुलं झाल्यावर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय काढण्याचा विचार, हवं असेल तर आणखी पुढचं पाऊल. भाचीकडे तो निघाला नाही तर आयुष्यभराची धास्ती एका अहवालाने संपते. याविषयी फार कमी बोललं जातं.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक सरकारी तक्ता भरते, त्याला सीबॅक म्हणतात. त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, हे विचारलेलं आहे. घराण्याविषयीही एक प्रश्न आहे: आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का. कर्करोगाचं नाव त्या ओळीत नाही, आणि आत्या-मावशी-आजी तर आईवडील-भावंडांत येतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम ०.९ टक्क्यांनी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी करून घेतलेली होती. देशात २०२२ मध्ये या आजाराच्या अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू होते.

बुलढाण्यात २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या सामाजिक वैद्यक विभागाला एक काम हाती घेता येईल, आणि त्याला मुंबई-दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. जिल्ह्यातल्या आशांच्या तक्त्याला एक पुरवणी जोडायची: आईकडच्या आणि वडिलांकडच्या नात्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला, कितव्या वर्षी झाला, दोन्ही स्तनांत झाला का, कुणा पुरुषाला झाला का. चार प्रश्न, जळगाव जामोदच्या पाड्यावर कोरकूत विचारायचे, तांड्यावर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. ज्या घरांत दोन किंवा अधिक होकार येतील ती घरं आधी तपासणीला न्यायची.